मीडिया आणि जेंडरचं समर स्कूल करायचंय? आधी घरचा पेपर उघडा

दोन वर्षांपूर्वी मी एका युनिव्हर्सिटीचं दोन आठवड्यांचं समर स्कूल केलं, विषय होता मीडिया, जेंडर आणि संस्कृती. तेव्हापासून दर मार्च-एप्रिलला कोणी ना कोणी मेसेज करतं, ताई तू ते केलं होतं ना, फॉर्म कसा भरायचा, काय वाचून जायचं, इंग्लिश कच्चं असलं तर जमते का. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसला म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकते. लांब झालंय, पन्हं घेऊन बसा.

पहिलं म्हणजे हा कोर्स बातमी कशी लिहायची, रील कशी एडिट करायची हे शिकवत नाही. बातम्या, जाहिराती, मालिका, सिनेमे, मीम हे सगळं बघून बघून बाई अशी असते, पुरुष असा असतो, आपले लोक असे आणि ते तिकडचे तसे, हे आपल्या डोक्यात कसं जाऊन बसतं ते उसवून बघायला शिकवतो. जेंडरला मराठीत लिंगभाव म्हणतात आणि लिंग वेगळं, लिंगभाव वेगळा. शरीर जन्मासोबत येतं, पण पोरीने असं बसू नये, पोराने रडू नये हे कोणीतरी शिकवलेलं असतं. आमच्या घरी कूलरमध्ये पाणी आई भरते, मे महिन्यात दिवसातून दोन-तीनदा, बादल्या वाहून. मी पाहिलेल्या कूलरच्या जाहिरातीत मात्र बाबा बटन दाबतात आणि अख्खं घर केस उडवत हवा खातं. बादली कुठेच नाही. इतकी वर्षं ती जाहिरात बघितली पण ती बादली नाही हे मला कोर्सच्या आधी दिसलंच नव्हतं. जे दाखवलं नाही ते दिसायला लागणं, या विषयातलं निम्मं काम हेच आहे.

आता कोर्स निवडायचा कसा. नावावर जाऊ नका, नावं सगळ्यांचीच भारी असतात. टाइमटेबल मागवा, रोज काय शिकवणार, कोण शिकवणार, वाचायची यादी आहे का, शेवटी काय सबमिट करायचंय ते बघा. वाचनाची यादीच नसेल तर ती सहल आहे, फोटो चांगले येतील, बस. क्रेडिट नीट बघा. युरोपातल्या युनिव्हर्सिट्या अभ्यास ईसीटीएस क्रेडिटमध्ये मोजतात, एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, वाचन आणि लिखाण धरून, म्हणजे पाच क्रेडिटचा कोर्स १२५ ते १५० तासांचा झाला, त्याला चौदाने भागा आणि मग ठरवा संध्याकाळी कॅनॉलवर फिरायला वेळ उरतो का. म्हणून बरेचसे कोर्स वाचायचं मटेरियल आधीच पाठवतात, आणि आपण ते विमानात वाचू म्हणतो, आणि विमानात झोपतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला जेंडर स्टडीजचं समर स्कूल वर्षानुवर्षं चालतं, लंडनला एलएसईचं, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं, समर स्कूल आहे, अशी नावं गुगल केली की पुढचं सापडत जाईल. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागणार असेल तर सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि निकाल साधारण १५ दिवसांत येतो पण ४५ पर्यंतही ताणू शकतात. जुलैचा कोर्स असेल तर मेमध्ये जागं होऊन काही उपयोग नाही. आणि बाहेरच जायला पाहिजे असं कोण म्हणतं? पुणे विद्यापीठात सावित्रीबाईंच्या नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आहे, आपल्या नागपूरच्या शेजारी वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात स्त्री अध्ययन आणि जनसंचार दोन्ही विभाग आहेत, तिथे शॉर्ट कोर्स, वर्कशॉप काही निघतंय का त्यावर डोळा ठेवा. मी स्वतः देशातलंच केलं आणि माझं काही अडलं नाही.

फॉर्मसोबत एक पत्र मागतात, तुम्हाला हे का करायचंय म्हणून. इथे नव्वद टक्के पोरं वाया जातात (हा आकडा माझ्या मनातला, मोजलेला नाही, आणि मोजलेला नसेल तर तसं सांगायचं हेही मी तिथेच शिकले). "मला लहानपणापासून मीडियाची आवड आहे", "आजच्या युगात मीडियाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे", ही वाक्यं निबंधाच्या वहीत ठेवा. तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहा. मी लॉ कॉलेज चौकाकडे जाताना दिसणाऱ्या कोचिंगच्या होर्डिंगबद्दल लिहिलं होतं. टॉपर पोरं हाताची घडी घालून, छाती काढून, सरळ कॅमेऱ्यात बघतायत. टॉपर पोरींची मान थोडी तिरकी, एकीचा हात गालाला, एकीने बोटांनी ओढणीचं टोक धरलेलं. परीक्षा एकच दिली, मार्क जवळपास सारखे, मग उभं राहणं वेगळं काहून? एवढंच लिहिलं, दोन परिच्छेद, आणि सिलेक्शन झालं. मला तेव्हा माहीतही नव्हतं की अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शेकडो जाहिरातींचे फोटो शेजारी शेजारी लावून अगदी हेच पाहिलं होतं, की पुरुष वस्तू घट्ट पकडतो आणि बाई नुसती बोटं लावते, पुरुष उंचावर आणि बाई खाली किंवा आडवी, बाईचं डोकं कललेलं, नजर दुसरीकडे. ते वाचल्यापासून सीताबर्डीत साडीच्या दुकानांवरून साधं चालत जाता येत नाही मला, प्रत्येक बोर्डासमोर मान तिरकी करून बघते आणि मग लक्षात येतं की आपलीच मान तिरकी झाली.

वाचायचं किती? लोक घाबरतात, वीस पुस्तकं डाउनलोड करतात आणि एकही उघडत नाहीत. चार-पाच कल्पना पक्क्या करा. सिनेमाची अभ्यासक लॉरा मल्वी हिचा १९७५ चा निबंध, त्यातली पुरुषी नजर, म्हणजे कॅमेरा कोणाच्या डोळ्याने बघतो. निबंध छोटा आहे पण मनोविश्लेषण भरपूर आहे, पहिल्यांदा अर्धा कळला तरी चालेल. संस्कृतीचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल याचं १९७३ चं एन्कोडिंग-डिकोडिंग, म्हणजे बनवणाऱ्याने एक अर्थ भरला तरी बघणारा तोच अर्थ काढेल असं नाही. कोणी तो तसाच गिळतो, कोणी अर्धा मान्य करून अर्धा आपल्या हिशोबाने वळवतो, कोणी पार उलटा वाचतो. समाजशास्त्रज्ञ गे टकमन हिचं १९७८ चं म्हणणं, की मीडिया बायकांना एक तर दाखवतच नाही, किंवा दाखवते तर क्षुल्लक करून. आणि बेक्डेल टेस्ट, अ‍ॅलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकर्तीच्या १९८५ च्या कॉमिक स्ट्रिपमधून आलेली: सिनेमात किमान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि बोलतात तर पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल? ही टेस्ट पास झाली म्हणजे सिनेमा स्त्रीवादी झाला असं नसते हं, ते फक्त थर्मामीटर आहे, औषध नाही.

पण या सगळ्यांच्या आधी मी म्हणेन ताराबाई शिंदे. आपल्या बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर गर्भहत्येचा खटला झाला, तिला शिक्षा झाली, आणि त्यावरून एका पुण्याच्या वर्तमानपत्राने एकूण बाईजातीलाच झोडपलं. ते वाचून ताराबाई इतक्या पेटल्या की १८८२ मध्ये स्त्रीपुरुषतुलना छापून आली. म्हणजे बघा, छापील बातमीने बाईची प्रतिमा कशी घडवली आणि त्याला एका वऱ्हाडातल्या बाईने कसं उत्तर दिलं, हा आमच्या कोर्सचा अख्खा सिलॅबस एका घटनेत आहे, आणि मल्वीच्या त्र्याण्णव वर्षं आधी! मी हे क्लासमध्ये सांगितलं तेव्हा बाहेरच्या पाहुण्या प्रोफेसर बाईंनी वहीत नाव लिहून घेतलं. लय बरं वाटलं.

आता खरं काम, जे तुम्ही कोर्सच्या आधी घरी बसून करायचं. मोजायचं. मीडिया बायकांना वाईट दाखवते, हे मत झालं, मत कोणाकडेही असतं, पानठेल्यावरही असतं. एक दिवसाचा एक मराठी पेपर घ्या, पेन घ्या, आणि रकाने आखा. बातमीत कोण बोलतंय, नावाने की "एका महिलेने" असं, कोण म्हणून बोलतंय: अधिकारी, तज्ज्ञ, प्रत्यक्षदर्शी, पीडित, की अमक्याची बायको. बातमी देणाऱ्याचं नाव असेल तर ते. फोटो वेगळे मोजा, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण फोटोत बाई खूप असते आणि बोलण्यात नसते, दोन्ही एकत्र मोजलं की सगळं छान छान दिसतं. जाहिराती तिसऱ्या रकान्यात. अशीच मोजणी जगभर दर पाच वर्षांनी होते, ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट म्हणून, ठरलेल्या एका दिवशी शेकडो लोक आपापल्या देशातल्या बातम्या मोजतात. १९९५ मध्ये बातम्यांत दिसलेल्या, बोललेल्या किंवा ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या लोकांमध्ये बायका १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्के. हा आकडा पाठ करा, क्लासमध्ये कोणीतरी "आता काय, आता तर सगळीकडे बायकाच दिसतात" म्हणणारच आहे.

मोजून झालं की शब्दांकडे या, मराठी पेपर वाचणाऱ्याला इथे खजिना आहे. गुन्ह्याच्या बातमीत पुरुष "इसम" असतो, "युवक" असतो, नाहीतर त्याचा धंदा सांगतात. बाई "विवाहिता" असते. दोन लेकरांची आई कोणाबरोबर निघून गेली तर ती हेडिंगमध्येच "दोन मुलांची आई" असते, पण "दोन मुलांचा बाप पळाला" असं हेडिंग आठवून बघा बरं. आणि तो वाक्प्रचार, जो आपण इतक्यांदा वाचलाय की डोळा त्यावरून घसरतो: "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून". नीट बघा. खून त्याने केला, संशय त्याने घेतला, पण हेडिंगची सुरुवात तिच्या चारित्र्यापासून होते, आणि खून करणारा पूर्ण वाक्यात कुठेही नाही. कर्ता गायब. तसंच "एकतर्फी प्रेमातून हल्ला". पोरगी नाही म्हणतेय, तो महिनोन्‌महिने मागे फिरतोय, याला प्रेम कोणी म्हटलं? पोलिसांच्या प्रेस नोटने म्हटलं असेल, रिपोर्टरने डेडलाइनमध्ये उचललं असेल, कोणी मुद्दाम बसून कट केलेला नसतो, आणि तरीही रोज तेच छापून येतं. संस्कृती घडते ती अशी. माझ्या कोर्समधला सगळ्यात चांगला तास याच दोन हेडिंगवर झाला. आम्हाला सांगितलं, हेच पुन्हा लिहा, कर्ता परत आणून, जागा तेवढीच. वीस मिनिटं लागली आणि अर्ध्या लोकांचं जमलं नाही. तुम्ही आताच करून बघा.

मालिकांबद्दल. इथे आमच्यासारखे शिकलेले लोक हमखास चुकतात. मी प्रश्नावली बनवली होती, पहिलाच प्रश्न: "मालिकांमुळे स्त्रियांवर वाईट परिणाम होतो असे आपणास वाटते का?" चाळीस जणींकडून भरून घेतली आणि जवळपास सगळ्यांनी हो लिहिलं. मी खूश. शिकवणाऱ्या मॅडमनी कागद हातात घेतला, वाचला आणि विचारलं, तू उत्तर विचारलंस की सांगितलंस? सगळं रद्दीत. बरोबर होतं त्यांचं, प्रश्नातच उत्तर पेरलं होतं मी.

मग एका रात्री मी काही न विचारता आजीशेजारी बसले. आठची मालिका, कूलरचा घरघराट, आजी व्हॉल्यूम फुल करून. सून ऑफिसातून आली, पर्स ठेवली, पदर खोचला आणि थेट ओट्याशी गेली, सासू खुर्चीत बसून टोमणे मारतेय. मला वाटलं आजी म्हणेल, बघ, सून असावी तर अशी. आजी टीव्हीकडेच बघत म्हणाली, "का वं पोरी, हिनं आल्यावर पानी त प्यावं नं आधी. आन तो नवरा काहून नुसता बसला आहे?" मग दोन मिनिटांनी, "साडी चांगली आहे पन." मी तिथल्या तिथे लिहून घेतलं. हॉल जे म्हणतो ना, अर्धं मान्य अर्धं वळवलेलं, ते एवढं स्वच्छ कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. चाळीस फॉर्मपेक्षा आजीची तीन वाक्यं माझ्या रिपोर्टमध्ये जास्त कामी आली. तुम्हीही हेच करा, सोबत बसून बघा, मधे बोलू नका, जाहिरात लागली की मगच विचारा, आणि विचाराल ते "तुम्हाला काय वाटलं" एवढंच.

एक गोष्ट नागपूरवाल्यांनी मुद्दाम मांडावी. टीव्हीवरची मराठी कोणाची? आपण सांबार म्हणतो ते टीव्हीवर कोथिंबीर असतं, आपला आलू तिकडे बटाटा. ठीक आहे, पण आपली बोली टीव्हीवर येते तेव्हा कोणाच्या तोंडी येते ते बघा, बहुतेक वेळा हसवणाऱ्या पात्राच्या. हिरो प्रमाण मराठीत प्रेम करतो. हा फक्त भाषेचा विषय नाही, यात बाई आली, जात आली, प्रदेश आला, आणि जी बाई गरीबही आहे, दलितही आहे, वऱ्हाडी किंवा पूर्व विदर्भातली झाडी बोली बोलते तिला किती सीन मिळतात हा प्रश्न नुसत्या बाई-पुरुष मोजणीत येतच नाही. क्लासमध्ये जेंडरवर बोलताना जात बाजूला ठेवायची सवय असते लोकांना. तेव्हा सांगा की २० जुलै १९४२ ला आमच्या नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बायका आल्या होत्या, आणि समाजाची प्रगती मी त्यातल्या बायकांच्या प्रगतीवरून मोजतो असं बाबासाहेब बोलले ते याच परिषदेत. ज्या माणसाने १९२० मध्ये स्वतःचा पेपर काढला, आणि त्याचं नावच मूकनायक ठेवलं, त्याला मीडिया काय असते हे सांगायची गरज नव्हती.

इंग्लिशचं काय? जमते. पहिले तीन दिवस मी गप्प होते, चौथ्या दिवशी हेडिंगवाल्या तासाला मला मराठी येत होतं म्हणून मीच बोलत होते आणि बाकीचे ऐकत होते. स्वतःच्या भाषेतलं मटेरियल घेऊन जा, चार कात्रणं, दोन जाहिरातींचे फोटो, त्यावर तुमच्याएवढं कोणालाच बोलता येणार नाही. आणि पोरांनो, तुम्हीही या रे, आमच्या बॅचला फक्त तिघं होते. पुरुष कसा असावा हेही मीडियाच शिकवते, सिमेंटच्या आणि बनियनच्या जाहिरातीत एवढं शौर्य कशाला लागतं यावर एकाने केलेलं प्रेझेंटेशन सगळ्यात भारी झालं होतं.

आता माझा घोळ, तुम्ही करू नका म्हणून सांगते. फायनल प्रोजेक्ट मी फॅमिली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या बायकोच्या जोकवर केला. स्क्रीनशॉट सरळ स्लाइडवर टाकले, नावं तशीच. प्रेझेंटेशनचा फोटो कौतुकाने मीच स्टेटसला ठेवला, आणि मामांनी झूम करून आपला जोक आपल्या नावासकट वाचला. पुढचे दोन महिने मामांकडे जायची सोय नव्हती, मामी तेवढी फोनवर हळूच म्हणाली की बरं केलंस. मामा चिडले ते चूक नव्हतं पण. ग्रुपमधलं बोलणं खाजगी असतं, परवानगी मागायची, नाव आणि डीपी झाकायचा, शक्यतो मजकूर वेगळा टाइप करून घ्यायचा. आणि बलात्काराच्या बातम्यांवर काम करत असाल तर जास्त जपून, पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापणं, दाखवणं हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. कात्रणातच कोणी चूक केली असेल तर ती आपल्या स्लाइडवर पुन्हा करायची नाही.

विषय सुचत नसेल तर आपल्याकडे रांग आहे. मारबत घ्या. नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत निघते, इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणत शहराबाहेर नेऊन जाळतात. रोगराई न्यायला बाईचा पुतळा, आणि राजकारणावर टोमणा मारायला बडगे नावाचे पुतळे, ते बहुतेक पुरुष. काळ्या मारबतीचा संबंध लोक नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बांकाबाईशी लावतात, इंग्रजांना मिळाली म्हणून. मिळालेले पुरुष काय कमी होते? मागच्या दहा वर्षांची पेपरमधली मारबतीची बातमी काढा आणि बघा हा प्रश्न एकदा तरी आलाय का. नाहीतर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टर घ्या, वडसा-देसाईगंजकडची, कोणाचा फोटो केवढा, कोणाच्या नावापुढे काय विशेषण. फक्त विषय लहान ठेवा. "भारतीय सिनेमातील स्त्री" हा दोन आठवड्यांचा विषय नाही, तो पाच जन्मांचा आहे. एका सीझनची आठ पोस्टर, हा विषय आहे.

जाहिरात खटकली तर नुसतं चिडून सोडू नका, जाहिरात क्षेत्राची एएससीआय नावाची संस्था आहे, त्यांनी जून २०२२ मध्ये लिंगभावाच्या साच्यांबद्दल नियम काढलेत, तक्रार ऑनलाइन करता येते. आमच्या कोर्समध्ये एक असाइनमेंटच होतं, तक्रार लिहायची, पण नियमाचा कुठला मुद्दा मोडला ते दाखवून. "मला आवडलं नाही" एवढ्यावर भागत नाही.

बाकी किरकोळ. ऑनलाइन समर स्कूल करत असाल तर मे महिन्यात दुपारी लाइट जाणार हे धरून चाला, मोबाइल डेटा आणि चार्ज केलेली पॉवर बँक जवळ ठेवा, आणि कूलरसमोर बसून माइक चालू करू नका, समोरच्यांना हेलिकॉप्टर वाटतं. निघायच्या आधी सर्टिफिकेटसोबत ट्रान्सक्रिप्ट मागून घ्या, क्रेडिट आणि तास लिहिलेलं, नंतर मेल करत बसलं की महिने जातात. आणि तुमच्या कॉलेजला ते क्रेडिट चालतात का हे फॉर्म भरायच्या आधी लेखी विचारा. मी तोंडी विचारलं होतं, हो म्हणाले, आणि परत आल्यावर त्या खिडकीवर दुसरेच साहेब बसले होते.